दैवी दयेचा संच: तसबीर चांगली, माळ दुरुस्त करून घ्यावी, पुस्तिका मात्र अर्धीच

राखेच्या बुधवारापासून, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू झाला की, कॅथलिक चर्चच्या आवारात जी टेबलं लागतात, त्यांवर सध्या हा संच जोरात खपतोय. निळी रेक्झिनची पिशवी, आत दयाळू येशूची ८ बाय १२ इंचांची फ्रेम केलेली तसबीर, लाकडी मण्यांची जपमाळ आणि ३२ पानांची मराठी पुस्तिका. किंमत ३५० रुपये, दोन घेतले तर ६५०. भुसावळ-जळगावकडे मिळतो, धुळ्यालाही मिळतो, आणि फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला जाणारी मंडळी तिकडूनही आणतात. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, छापखानाही नाही.

आधी तसबीर, कारण संचातली तीच वस्तू पैसे वसूल करते. मूळ चित्राची हकिकत बऱ्याच जणांना ठाऊक असते: पोलंडमधल्या सिस्टर फॉस्तिना कोवाल्स्का (१९०५–१९३८) यांना २२ फेब्रुवारी १९३१ रोजी दर्शन झालं, त्यावरून काझिमिरोव्स्की या चित्रकाराने १९३४ मध्ये विल्नियसला पहिलं चित्र काढलं. आपल्याकडे घरोघरी दिसतं ते मात्र बहुतेक वेळा अडॉल्फ हिवा यांनी नंतर क्राकूव्हच्या मठासाठी काढलेलं. या संचातही तेच आहे. छपाई स्वच्छ आहे, चेहरा गुलाबी-गुलाबी केलेला नाही, खालची 'हे येशू, माझा तुझ्यावर भरवसा आहे' ही ओळ शुद्ध छापली आहे.

विकत घेताना एक गोष्ट बघाच. प्रभूचा उजवा हात आशीर्वादासाठी वर उचललेला आणि डावा छातीपाशी वस्त्रावर असायला हवा. पाहणाऱ्याच्या डावीकडे फिकट किरण, उजवीकडे लाल. फिकट म्हणजे पाणी, लाल म्हणजे रक्त; योहानाच्या शुभवर्तमानातला १९:३४ चा भाल्याचा प्रसंग तो हाच. स्वस्त छपाईत चित्र आरशासारखं उलटं होतं, मग आशीर्वाद डाव्या हाताने आणि लाल किरण भलतीकडे. या संचाच्या काही प्रतींत ही चूक आहे, तेव्हा पिशवीतून काढूनच घ्यावी.

फ्रेमची पाठ दाबलेल्या लाकडी भुशाची आहे आणि पुढे काचेऐवजी पातळ प्लॅस्टिक. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या घरात पश्चिमेच्या भिंतीवर लावली तर प्लॅस्टिकला पोक येतं आणि लाल किरण सगळ्यात आधी फिका पडतो. पूर्वेची किंवा आतली भिंत निवडावी. मेणबत्ती तसबिरीच्या अगदी खाली ठेवू नये, एक हात पुढे ठेवावी; नाहीतर वर्षभरात काजळीने खालची ओळच वाचता येत नाही. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत असेल तर मागे चारही कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या चिकटवल्या की हवा खेळते.

आता माळ. पाकिटावर 'जेरुसलेमचं ऑलिव्ह लाकूड' असं छापलंय. ओल्या कापसाने दोन मणी चोळा. कापसाला तपकिरी रंग लागला की समजावं, साध्या लाकडाला रंग दिलाय. या माळेचा रंग लागतो. त्यानं भक्तीत काही उणं येत नाही, पण मग तसं छापू नये.

मणी मोजूनच घ्यावेत. पूर्ण माळेत ५९ मणी: पाच दशकांचे ५०, त्यांच्यामधले ४ मोठे, आणि पदकाखालच्या शेपटीला १ मोठा, ३ लहान, १ मोठा, मग क्रूस. स्वस्त माळांत एखाद्या दशकात ९ किंवा ११ मणी निघतात, आणि डोळे मिटून म्हणणाऱ्याला ते कळतही नाही. मोजत बसायचं नसेल तर दशकं शेजारी-शेजारी ताणून धरावीत, कमी-जास्त लगेच दिसतं.

खरी कमजोरी कड्यांत आहे. कड्या लोखंडी आहेत, वरून पांढरा मुलामा. लोहचुंबक लावला की चिकटतात. घामाने मुलामा उडतो आणि पहिल्या उन्हाळ्यातच गळ्यावर काळा पट्टा उमटतो. (जपमाळ गळ्यात घालायचा दागिना नव्हे, पण मुलं घालतातच.) माळ तुटते ती बहुतेक पदकापाशी, कारण तिथे तीन बाजूंचा ताण एका कडीवर येतो. कडी उघडताना तोंड बाहेरच्या बाजूला फाकवू नये. दोन पकडींनी एक टोक पुढे आणि एक मागे असं पिळून उघडावं आणि तसंच पिळून बंद करावं, म्हणजे गोलाई बिघडत नाही. त्याहून सोपं म्हणजे मंगळसूत्र ओवणाऱ्या पटवेकऱ्याकडे द्यावी. मेणाच्या नायलॉन दोऱ्यात, प्रत्येक मण्यानंतर गाठ मारून तो पन्नास-साठ रुपयांत नवी करून देतो आणि ती वर्षानुवर्षं टिकते. फक्त १० लहान, १ मोठा हा क्रम कागदावर लिहून द्यावा, नाहीतर तो आपल्या सवयीच्या आकड्याने ओवतो.

पाकिटावर आणखी एक गोल चिकटपट्टी आहे: 'आशीर्वादित'. ही सरळ खोटी जाहिरात आहे. आशीर्वाद दिलेल्या वस्तूला आशीर्वादापोटी जास्त पैसे लावायचे नसतात, आणि अशी वस्तू विकली की तिच्याशी जोडलेली दंडमाफीही (पापाचा मागे उरलेला दंड चर्चने माफ करणं) संपते. माळ विकत घ्यावी, मिस्सा (चर्चमधली उपासना) झाली की फादरांपुढे धरावी, अर्ध्या मिनिटात आशीर्वाद मिळतो. त्याचे पैसे नाहीत.

एवढ्यावर संचाला पाचपैकी साडेतीन द्यायला हरकत नव्हती. पुस्तिका वाचली की ते अडीचवर येतात.

पुस्तिकेत दैवी दयेची माळ, म्हणजे नेहमीच्याच जपमाळेच्या मण्यांवर म्हणायची ही वेगळी प्रार्थना, कशी म्हणावी हे बरोबर दिलंय, ते आधी सांगायला हवं. क्रुसाची खूण, मग शेपटीच्या तीन लहान मण्यांवर 'आमच्या स्वर्गातील पित्या', 'नमो मारिया' आणि प्रेषितांचा विश्वासांगीकार. प्रत्येक दशकाआधीच्या मोठ्या मण्यावर सनातन पित्याला पुत्राचं शरीर, रक्त, आत्मा आणि देवत्व अर्पण करण्याची प्रार्थना. लहान मण्यांवर दहादा 'त्याच्या दुःखदायक यातनांसाठी आमच्यावर व सर्व जगावर दया कर'. पाच दशकं झाली की तीनदा 'पवित्र देवा, पवित्र सर्वसमर्थ देवा, पवित्र अमर देवा'. सात-आठ मिनिटांचं काम. नेहमीच्या जपमाळेत दशकागणिक येशू-मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात धरतात, तशी रहस्यं यात नाहीत, दशकामागे नवं काही पाठ करायचं नाही, त्यामुळे केळीच्या बागेत पाण्याची पाळी धरलेला माणूसही बोटांवर मोजून म्हणू शकतो.

दुपारी तीनची वेळ मात्र पुस्तिकेने फारच ताणलीय. 'तीनला माळ चुकली तर कृपा चुकली' असं वाक्य आहे. तसं काही नाही. तीन ही प्रभूच्या मरणाची घटका, तेव्हा जिथे असाल तिथे क्षणभर जरी थांबून आठवण केली तरी पुरे, असंच फॉस्तिनाच्या रोजनिशीत आहे. माळ दिवसात केव्हाही म्हणता येते. चैत्र-वैशाखात तीन वाजता उन्हात उभं राहून माळ पुरी करायची गरज नाही.

दुसरी चूक तारखेची. 'दैवी दयेचा रविवार: २७ एप्रिल' असं ठळक छापलंय. ती तारीख २०२५ ची. हा सण पुनरुत्थानाच्या रविवारानंतरच्या (ईस्टरनंतरच्या) रविवारी येतो, म्हणून दरवर्षी सरकतो: २०२६ मध्ये १२ एप्रिल, २०२७ मध्ये ४ एप्रिल. कधी तो आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर येतो, कधी तिच्या महिनाभर आधी. नऊ दिवसांची प्रार्थना (नोव्हेना) गुड फ्रायडेला सुरू होते आणि सणाच्या आदल्या दिवशी संपते. छापील तारखेवरून मागे मोजत गेलं तर नोव्हेना भलत्याच आठवड्यात पडते.

उपवासाचं पानही असंच बढवलेलं आहे: चाळीस दिवस सूर्यास्तापर्यंत काही खायचं नाही म्हणे. बंधनकारक उपवास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तोही १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसाला, एक पूर्ण जेवण आणि दोनदा थोडंसं खाणं. १४ वर्षांपुढच्यांनी त्या दिवशी मांस वर्ज्य. उपवासकाळातल्या शुक्रवारीही मांस टाळायचं. आता शुक्रवारी मटण सोडून शेवभाजीवर तर्री ओतून घेतली तर नियम पाळला जातो. प्रायश्चित्त झालं का, ते ज्याचं त्याने ठरवावं.

या चुका पेन घेऊन दुरुस्त करता येतात. पान १९ वरची चूक मात्र तशी नाही. तिथे चौकटीत लिहिलंय की दयेच्या रविवारी माळ म्हणून तसबिरीला फूल वाहिलं की 'आयुष्यभराचं पाप आणि शिक्षा दोन्ही माफ'. पापनिवेदनाचा, म्हणजे धर्मगुरूंपुढे पाप कबूल करण्याचा, तिथे उल्लेखही नाही.

चर्चचं म्हणणं काय आहे? २००२ च्या आज्ञापत्रानुसार त्या रविवारी पूर्ण दंडमाफी मिळू शकते, चर्चमध्ये लोक 'प्लेनरी इंडल्जन्स' म्हणतात ती. तिच्या अटी आहेत: प्रायश्चित्त संस्कार (म्हणजेच पापनिवेदन) घेतलेला असावा, कम्युनियन (मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर) घ्यावं, पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना करावी, आणि कोणत्याही पापाची, अगदी क्षुल्लक पापाचीही ओढ मनात ठेवू नये. शिवाय त्या दिवशी चर्चमध्ये दयेच्या भक्तीत भाग घ्यावा किंवा पवित्र साक्रामेंतासमोर (चर्चमध्ये ठेवलेल्या त्याच भाकरीसमोर) 'आमच्या स्वर्गातील पित्या', विश्वासांगीकार आणि दयाळू येशूला एखादी छोटी आर्जवं करणारी प्रार्थना म्हणावी. पापनिवेदन त्याच दिवशी हवं असं नाही, आगेमागे काही दिवस चालतं. रविवारी सकाळी फादरांच्या दाराशी रांग लावण्यापेक्षा पवित्र आठवड्याआधीच उरकावं, हे शहाणपणाचं.

आणि दंडमाफी ही पापाची क्षमा नव्हेच. अपराध संस्कारात माफ होतो. त्याने मागे ठेवलेला तात्पुरता दंड उरतो, त्याची ही माफी. पुस्तिकेने दोन्ही एकत्र कालवलेत. वाचणाऱ्याला वाटतं, देवाची दया म्हणजे माळ फिरवली की मिळणारी पावती. फॉस्तिनाच्या रोजनिशीत दयेच्या जोडीला पापनिवेदनाचं सांगणं पुन्हा पुन्हा येतं, ते इथे कात्रीने कापल्यासारखं गायब आहे.

अशी काटछाट का खटकते, त्याला इतिहास आहे. १९५९ मध्ये रोमनेच या भक्तीच्या प्रसारावर बंदी घातली होती, आणि त्यामागच्या कारणांत फॉस्तिनाच्या लिखाणाचे सदोष अनुवाद हेही एक होतं. बंदी उठली ती १५ एप्रिल १९७८ ला. ३० एप्रिल २००० रोजी फॉस्तिना संत म्हणून घोषित झाल्या आणि त्याच दिवशी हा रविवार सगळ्या चर्चसाठी जाहीर झाला. असं सदोष लिखाण पसरू नये म्हणूनच प्रार्थनेच्या पुस्तकाला स्थानिक बिशपांची परवानगी लागते आणि ती आतल्या पानावर छापलेली असते. खानदेशातले तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात येतात. या पुस्तिकेत परवानगीची ओळच नाही. कोणतीही प्रार्थनेची पुस्तिका घेताना आधी ते पान उघडून बघावं. दहा सेकंदांचं काम आहे.

पापनिवेदनाची तयारी म्हणून शेवटी दोन पानं दिलीत, पण तीही कामाची नाहीत. प्रश्न कुठल्यातरी जुन्या परदेशी यादीतून उचललेले: नाचाला गेलो का, नाटक पाहिलं का. इथल्या माणसाने स्वतःला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. शेजाऱ्याचा बांध कोरला का? आकडा टाकून मोटार चालवली का? कापूस मोजताना काट्याला हात लावला का? मजुराची मजुरी आठवडी बाजार उलटून गेला तरी थकवली का? दारू पिऊन बायकोवर हात टाकला का? सावकाराला शिव्या देत आपणही शेकडा पाचाने पैसे लावले का? गावात कोणाच्या मुलीबद्दल नसतं ते बोललो का?

त्यातही बायबलमधल्या दहा आज्ञांचे क्रमांक दुसऱ्या पंथाच्या पद्धतीचे छापलेत. कॅथलिक मोजणीत पाचवी आज्ञा खुनाची, सहावी व्यभिचाराची, सातवी चोरीची. बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांत त्याच सहावी, सातवी, आठवी होतात. ही पुस्तिका वाचून कोणी 'सातवी आज्ञा मोडली' म्हणाला तर त्याच्या मनात एक आणि फादरांच्या कानात दुसरं. क्रमांक सांगूच नयेत, पाप साध्या शब्दांत सांगावं.

मग नीट पद्धत कोणती? संस्काराचे चार भाग: मनापासून पश्चात्ताप, पाप सांगणं, धर्मगुरूंनी दिलेली क्षमा आणि सांगितलेलं प्रायश्चित्त पुरं करणं. आधी दहा मिनिटं शांत बसून मागच्या वेळेपासूनचा हिशेब करावा. गंभीर पाप म्हणजे बाब मोठी, पूर्ण जाणीव होती आणि मुद्दाम केलं, अशा तिन्ही गोष्टी एकत्र असलेलं. ती कोणती आणि साधारण किती वेळा, हे सांगायचंच; बारीकसारीक सांगितलेली चांगली, पण सक्ती नाही. आत गेल्यावर क्रुसाची खूण, मागचं पापनिवेदन केव्हा झालं ते, मग पापं. कहाणी नको, कारणं नकोत, सासूचं नाव तर अजिबात नको. 'ही आणि विसरलेली सगळी पापं' म्हणून थांबावं. फादर प्रायश्चित्त सांगतात, आपण पश्चात्तापाची प्रार्थना म्हणतो, ते क्षमेचे शब्द उच्चारतात, आपण आमेन. सगळं तीन ते पाच मिनिटांत होतं. विसरलेलं पाप माफ होतं, पुढच्या वेळी आठवलं तर सांगावं. लाजेने मुद्दाम लपवलं तर मात्र सगळंच पापनिवेदन फुकट जातं, पुन्हा करावं लागतं. फादरांना बाहेर एक अक्षर बोलता येत नाही. पोलिसांपुढे नाही, कोर्टापुढे नाही. वर्षातून एकदा तरी हे करावं, हा नियम १२१५ च्या चौथ्या लॅटरन सभेपासूनचा (रोममध्ये भरलेल्या बिशपांच्या सभेपासूनचा) आहे.

लोक अडखळतात ते परतफेडीपाशी. बांध कोरला असेल तर क्षमा मागून तो तसाच ठेवता येत नाही; मागे सरकवायचा. मजुरी थकवली असेल तर चुकती करायची. बदनामी केली असेल तर जिथे बोललो तिथेच ती निस्तरायची. एकदम जमत नसेल तर फादरांना सांगून हप्ते ठरवता येतात, ज्याचं देणं त्याचा पत्ता नसेल तर गरिबाला देता येतं, पण 'देवाने माफ केलं, आता विषय संपला' असं नाही. लूकच्या १९ व्या अध्यायातला जक्कय जकातदार झाडावरून खाली उतरला आणि त्याने निम्मी मालमत्ता गरिबांना, फसवलेल्यांना चौपट परत देण्याचं कबूल केलं. प्रभू त्याच्या घरी आधी आला, हिशेब नंतर झाला. दया आधी फुकट मिळते आणि मग माणूस खिशात हात घालतो, हा क्रम पुस्तिकेत कुठेच नाही.

फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर हा संस्कार होत नाही, हेही छापायला हवं होतं. ऊसतोडीला किंवा सुरतेकडे कामाला गेलेले, जिथे महिनोन्‌महिने धर्मगुरू भेटत नाहीत, त्यांच्यासाठी वाट वेगळी आहे: शिक्षेच्या भीतीने नव्हे तर देवावरच्या प्रेमापोटी पूर्ण पश्चात्ताप करायचा आणि पहिल्या संधीला पापनिवेदन करण्याचा निश्चय ठेवायचा. तेवढ्याने गंभीर पापाचीही क्षमा होते. आणि गर्दी आहे म्हणून सगळ्यांना एकगठ्ठा क्षमा, हे सणाच्या गर्दीपुरतं चालत नाही. त्याला मरणाचं संकट किंवा तशीच खरी निकड लागते.

नंदुरबार-धुळ्याच्या डोंगरपट्ट्यात तर भाषेचीच अडचण असते. आजीला मावची किंवा पावरीच येते, फादर केरळचे नाहीतर वसईचे. अशा वेळी दुभाषा घेऊन पापनिवेदन करायला चर्चचा कायदा मुभा देतो, आणि गुपित पाळण्याचं बंधन त्या दुभाष्यावरही येतं. फक्त घरातला माणूस दुभाषा नेऊ नये. आपल्याच फादरांकडे जावं असंही बंधन नाही. दुसऱ्या धर्मग्रामातून आलेल्या कोणत्याही अधिकृत धर्मगुरूंकडे जाता येतं.

भुसावळ, नवापूरकडच्या प्रॉटेस्टंट घरांना हा संच उपयोगाचा नाही. तिथे तसबीर नसते, माळ नसते, पापाची कबुली थेट देवाजवळ. त्यांनी स्तोत्र ५१ आणि लूकचा १५ वा अध्याय घरच्या बायबलातून काढून वाचावा. तो कॅथलिकांनाही या पुस्तिकेपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

घ्यायचाच असेल तर विक्रेत्याला पुस्तिका काढून ठेवायला सांगावं. काही जण मग तसबीर आणि माळ २८० ला देतात. माळेचा क्रूस मात्र ओढून बघावा, तो नुसता चिकटवलेला आहे.